माघारी आलेली वस्तू

संगणक सुरू केला की कोपऱ्यात कधीकधी एक छोटी पाटी येते. दुरुस्ती आली आहे, आत्ता लावू की नंतर? माझ्या ओळखीतली बहुतेक माणसं 'नंतर' म्हणून मोकळी होतात. मला ते जमत नाही. ती पाटी दिसली की मला लवळे गावचे आबा ढमाले आठवतात आणि उगाच ओशाळल्यासारखं होतं. खरं तर लाज त्यांची. पण मी त्यांच्या घरात बरीच वर्षं राहिलो, त्यांच्या घरचं जेवलो, तेव्हा तिचा थोडा वाटा माझ्याकडेही आला असावा.

मी मूळचा परभणीकडचा. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. लवळ्याच्या टेकडीवर एक नवं कॉलेज उभं राहत होतं आणि तिथल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मला नोकरी लागली होती. खाली गावात खोली शोधत फिरताना एका ओट्यावर एक उंच, वाळकट माणूस पाण्याच्या मोटारीपुढे मांडी घालून बसलेला दिसला. लांब डिसमिसचं टोक चालू मोटारीवर टेकवलेलं, मूठ स्वतःच्या कानाला, डोळे मिटलेले. मी "काका" अशी हाक मारली तर त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. ऐकून झाल्यावर म्हणाले, "बेरिंग रडतंय. तुमी कोन?"

मी खोलीचं विचारलं.

"हाय की. वरची. पंख्याचं वायंडिंग मी सोता भरल्यालं हाय. आवाज आला तर खुशाल खोली सोडा, का म्हनून इचारनार न्हाई. माझ्या हातची वस्तू माघारी येत न्हाई."

हे वाक्य मी पुढे इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं. पंख्याबद्दल, मोटारींबद्दल, दाराच्या कडीबद्दल, एकदा तर त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी केलेल्या लोणच्याबद्दलही आबा ते म्हणाले होते, कारण फोडी त्यांनी केल्या होत्या. पंख्याचा आवाज मात्र खरंच कधी आला नाही.

त्या वाक्यातली गोम मला काही महिन्यांनी कळली. गोठ्यामागे एक अंधारी खोली होती. माझी रिकामी ट्रंक ठेवायला मी तिथे गेलो, तर पोत्याखाली एक पाण्याची मोटार झाकून ठेवलेली. संजयला, म्हणजे त्यांच्या मुलाला विचारलं. तो टँकर चालवायचा आणि बापाबद्दल बोलताना कायम हसू दाबायचा. म्हणाला, "ती नांदे गावातल्या एकाची. आबांनी भरून दिली आन दोन दिसात जळली. मालक घिऊन आला माघारी. आबांनी दुसरी कोरी मोटार आनून त्याच्या हिरीवर बसवली, पन चुकलं म्हनून न्हाई म्हनले. ही हितं लपवली. बोलू नका बरं त्यांच्याम्होरं."

मी हसलो. माणूस अभिमानी आहे, एवढाच अर्थ मी काढला.

कॉलेजला जमीन दिलेल्या घरांनी बदल्यात काही ना काही मागून घेतलं होतं. कुणी टँकर लावला, कुणी कँटीन घेतलं, कुणाचा पोरगा फाटकावर वॉचमन झाला. आबांनी मागितलं ते वेगळंच. "मला ती कॉम्पुटरं उघडून बघायची हायेत," म्हणाले. मग बावधनला एका क्लासमध्ये, नातवाच्या वयाच्या पोरांशेजारी बसून, ते जोडणी आणि दुरुस्ती शिकले. परत आल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर आमच्या लॅबमधल्या एका कॉम्प्युटरच्या डब्याला डिसमिस लावून मूठ कानाला धरली. पोरं खो खो हसली. आबा डोळे न उघडता म्हणाले, "हसा. आतला पंखा घासतोय." उघडून पाहिलं तर त्यात एक वायर अडकली होती. तेव्हापासून लॅबची किरकोळ दुरुस्ती त्यांच्याकडे आली आणि हळूहळू सूस, नांदे, बावधनपर्यंत जिथे जिथे कॉम्प्युटर आला तिथे तिथे आबांची एम-एटी गाडी जाऊ लागली.

त्या काळात अख्ख्या पंचक्रोशीत ऑपरेटिंग सिस्टीमची नक्कल केलेली एकच सीडी फिरायची. विरजण शेजारच्या घरातून आणावं तशी लोक ती आबांकडून न्यायचे. विकत घेतलेली सिस्टीम कॉलेजात, बाकी सगळ्यांकडे आबांची. यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नव्हतं. आबांनाही नाही.

आता वैशालीबद्दल सांगायला हवं. वैशाली म्हणजे संजयची बायको, आबांची धाकटी सून. पौडकडची, बारावी झालेली, टायपिंगच्या दोन्ही परीक्षा पास. बोलायची कमी, पण बोटं अशी चालायची की ऐकत राहावं. कॉलेजच्या पोरांना प्रोजेक्ट टाईप करून घ्यायला पार चांदणी चौकापर्यंत जावं लागतं हे तिनंच हेरलं आणि तिनंच घरात विषय काढला. काकू नाही म्हणाल्या, संजय कुरकुरला. आबा एकटे उभे राहिले. फाटकाजवळ पत्र्याची टपरी टाकली, टेलिफोनची लाइन आणली, मशीन स्वतः जोडलं आणि बावधनहून एक फिरती खुर्ची आणली. निळ्या कापडाची, हातांची. गावात तशी खुर्ची तोवर फक्त सरपंचांच्या ऑफिसात होती. टपरीवर पाटी लागली: वैशाली टायपिंग.

एकदा मी त्या पाटीचं कौतुक केलं तर ती म्हणाली, "सर, हितं मी कुनाची सून, कुनाची बायको, कुनाची आय. नाव घिऊन कोन बोलवतं? पोरं मातर 'वैशालीताईकडं टाकलंय' म्हनत्यात. बरं वाटतं."

त्या टपरीत तिचं एवढंच होतं. तिचं नाव.

आबा दिवसातून कितीतरी वेळा तिथे डोकवायचे. ते दिसले की वैशाली टाइप करता करता उठायची, पदर डोक्यावर घ्यायची आणि बाजूला उभी राहायची. सासऱ्यासमोर सुनेनं खुर्चीत बसायचं नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, ते तिच्या पायातच होतं. ती उठली की आबा सहज खुर्चीत बसायचे, एक गिरकी घ्यायचे, "बरं चाललंय न्हवं?" विचारायचे. आपलं प्रोजेक्ट अर्ध्यावर राहिलेली पोरं एकमेकांकडे बघायची. मला तो प्रकार गमतीचा वाटायचा. बाई कामात आहे, आपण उठवतोय, असं आबांच्या कधी मनातही आलं नसावं. माझ्याही आलं नाही.

एका दिवाळीच्या सुमाराला नवी ऑपरेटिंग सिस्टीम आली. आबांनी कुठूनतरी तिची सीडी पैदा केली आणि पाडव्याच्या मुहूर्तावर टपरीतल्या मशीनवर चढवली. झेंडूची माळ, नारळ, पेढे, सगळं साग्रसंगीत. हिरव्या टेकडीचं चित्र पडद्यावर आलं तेव्हा आबा म्हणाले, "आपलं लवळं पावसाळ्यात आसंच दिसतंय."

घरांवरचे आकाशकंदील उतरायच्या आत त्या नव्या सिस्टीमची पहिली दुरुस्ती आली. आम्ही लॅबवाले त्याला पॅच म्हणायचो. सिस्टीममध्ये कुठे भोक राहून गेलं, बाहेरचं कुणी आत शिरू शकेल असं बनवणाऱ्यांच्या लक्षात आलं की ते भोक बुजवणारा तुकडा ते सगळ्यांना पाठवतात. मी तो सीडीवर घेऊन खाली टपरीत गेलो. वैशालीनं सगळं नीट विचारून घेतलं आणि म्हणाली, "लावू या की." तेवढ्यात आबा आले. ती उठली, ते बसले.

"कसली दुरुस्ती?"

मी सांगितलं.

"पाडव्याला आल्याली वस्तू. अजून माळ सुकली न्हाई. आन दुरुस्ती? मंग इकली कशाला? लाज न्हाई का त्यास्नी?"

"आबा, सगळ्याच सिस्टीमला येते. आल्या आल्या लावायची असते."

"ज्यानं केली त्यानंच म्हनायचं माझं चुकलं, आन वर जगाला सांगत सुटायचं. न्हाई सर. मी बसवल्याली हाय ती, नीट चाललीय." मग आवाज उतरवून म्हणाले, "आन दुसरं. आपली सीडी कशी हाय तुमाला म्हाईत हाय. त्यांचं काय आत घेतलं की त्यास्नी कळंल. बंद करतील."

ही भीती तेव्हा सगळीकडे होती. दुरुस्ती घेतली की चोरी पकडली जाईल म्हणून लोकांनी दुरुस्त्या येण्याची वाटच बंद करून टाकली होती, आणि आबांनी बसवलेल्या प्रत्येक मशीनवर ती बंद होती. वैशाली बाजूला उभी राहून हळूच म्हणाली, "आबा, पोरांची कामं असत्यात त्याच्यात." आबा म्हणाले, "मी हाय न्हवं?" तिनं सीडी खिळ्याला अडकवली आणि ती तिथेच राहिली.

पुढचं घडलं ते परीक्षेआधी, प्रोजेक्ट जमा करायच्या आठवड्यात. मी वर लॅबमध्ये होतो. टपरीत नेमकं काय झालं ते मला फार नंतर कळलं, पण इथे जसं घडलं तसंच सांगतो.

फोनच्या लाइनवरून कॉम्प्युटरचा एक किडा, म्हणजे व्हायरस, तालुकाभर पसरला होता. मशीन चालू केलं की पडद्यावर चौकट यायची, आकडे उलटे मोजले जायचे आणि मशीन आपोआप बंद व्हायचं. पुन्हा चालू केलं की पुन्हा तेच. ज्या भोकातून तो शिरत होता ते बुजवणारा पॅच वैशालीच्या डोक्यावर खिळ्याला लटकत होता. तिनं आबांना निरोप पाठवला. आबा आले. ती उठली, ते बसले.

सीडीकडे तिनं बोट दाखवलं म्हणे. आबांनी तिकडे पाहिलं नाही. ती सीडी लावणं म्हणजे दिवाळीत आपण चुकलो असं म्हणणं होतं. त्यांनी ठरवलं, फॉरमॅट मारायचा. सगळं पुसायचं आणि सिस्टीम नव्यानं चढवायची. त्या वेळी कुठल्याही दुखण्यावर आमच्याकडे हेच औषध होतं. वैशाली म्हणाली, "आबा, आदी पोरांची कामं काडून घिऊ." आबा म्हणाले, "कामं दुसऱ्या कप्प्यात हायेत. मीच क्येलेत न्हवं दोन कप्पे? फक्त पयला पुसायचा."

कप्पा एकच होता. दिवाळीत पेढ्यांच्या गडबडीत आबांनी दुसरा केलाच नव्हता.

संध्याकाळी मी खाली उतरलो तेव्हा टपरीसमोर पोरांचा घोळका होता. पुढे निखिल नावाचा अकोल्याचा मुलगा, रडकुंडीला आलेला आणि त्यामुळे जास्तच चिडलेला. "ताई, तुम्हाला येत नव्हतं तर दुकान कशाला उघडलं? आमचं वर्ष गेलं!" वैशाली खुर्चीशेजारी उभी होती. खुर्ची रिकामी. आबा दाराशी, हातात डिसमिस. मी विचारलं, काय झालं? कुणीतरी म्हणालं, हिनं सगळं उडवलं.

वैशालीनं आबांकडे पाहिलं. एकदाच पाहिलं.

आबा पोरांना म्हणाले, "जाऊ द्या रं पोरांनो. बाईमानूस हाय. चुकतं कदी कदी."

मला त्या क्षणी तो आबांचा मोठेपणा वाटला होता. सुनेची चूक सासरा पदरात घेतोय, असं. आज ते वाक्य आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

वैशालीनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "कागदं आना. ज्येंची हाताची लिवल्याली असतील त्येंची परत करून देते." कॉलेजनं थोडी मुदत वाढवली. तिनं जेवढं जमलं तेवढं पुन्हा टाइप केलं. बरंचसं पोरांनी तिथेच बसून रचलेलं होतं, ते गेलं ते गेलंच. त्यानंतर पोरं चांदणी चौकात जाऊ लागली. पावसाळ्याआधी टपरी उठली. काकू म्हणाल्या, मी सांगत व्हते.  मशीन गोठ्यामागच्या खोलीत नांद्याच्या मोटारीशेजारी गेलं आणि आबांनी त्याच्यावर पोतं टाकलं. पाटी कुठे गेली कळलं नाही. वैशाली कॉलेजच्या मेसमध्ये चपात्या लाटायला जाऊ लागली.

मग आबा बदलले. मी तिथेच जेवायचो म्हणून मला दिसलं. पूर्वी ते ताटावर बसले की अर्ध्या गावाला ऐकू जाईल असं ओरडायचे, "वैशाली, भाकर आन! कडक आन!" आता जेवढं ताटात पडेल तेवढं खाऊन मुकाट उठायचे. ती वाढायला वाकली की ते ताटातल्या मिठाकडे बघत राहायचे. ते 'माघारी येत न्हाई'चं वाक्य तर बंदच झालं. मला वाटलं वय झालं.

दुसरा बदल जास्त चमत्कारिक होता. आबा माझ्या मागे लागले. "सर, नवी दुरुस्ती आली का? आली की मला सीडी द्या." मी द्यायचो. ती घेऊन हा माणूस एम-एटीवर गावोगाव हिंडायचा. ज्या ज्या मशीनची वाट त्यांनी स्वतः बंद केली होती तिथे तिथे जाऊन पॅच लावायचा. आपल्या सीडीच्या सिस्टीमवर तो बसणार नाही तिथे लोकांना खरी विकत घ्यायला लावायचा. लोक वैतागायचे. सूसच्या डॉक्टरांकडे एकदा मीही बरोबर होतो. डॉक्टर थट्टेनं म्हणाले, "काय आबा, तुमच्या त्या मोठ्या कंपनीवाल्यांना एकदाच काय ते नीट करता येत नाही का? दर महिन्याला आपलं चुकलं, चुकलं!"

मला वाटलं, आबा आता दिवाळीतलं भाषण करणार. पण आबा पडद्याकडे बघत म्हणाले, "चुकलं म्हनून सांगत्यात तरी, डॉक्टर. तोंड लपवत न्हाईत."

परत येताना मी सहज म्हणालो, "आबा, सगळ्या गावाला लावून झालं. घरचं मशीन राहिलं की. ते काढू या, वैशालीलाही बरं वाटेल."

एम-एटी चालवता चालवता ते म्हणाले, "ते बंद हाय." आणि गाडीचा वेग वाढवला.

असं चारपाच वर्षं गेली. कॉलेज वाढलं, होस्टेलं झाली, रिक्षा टेकडीवर चढू लागल्या. मग कॉलेजनं ठरवलं की आवारात झेरॉक्स-टायपिंगचा एक गाळा काढायचा आणि तो जमीन दिलेल्या घरांपैकी कुणाला तरी द्यायचा. त्यासाठी गावकऱ्यांची बैठक बोलावली. मशीनबद्दल काही विचारायचं झालं तर असावा म्हणून मलाही बसवलं होतं. अर्ज करणाऱ्यांत वैशालीचं नाव वाचलं तेव्हा सगळ्यांनी माना वळवल्या. मीही. तिनं घरात कुणालाच विचारलं नव्हतं. ती मागे दाराजवळ उभी होती, मेसमधून तशीच आलेली, हाताला पीठ. आबा पहिल्या रांगेत.

रजिस्ट्रारसाहेबांनी अनुभव विचारला. ती म्हणाली, टायपिंगचं दुकान होतं. त्यावर भावकीतले पोपटराव मोठ्यानं हसले. त्यांच्या जावयाचाही अर्ज होता. "दुकान? आवो सायेब, पोरांचं वरीस बुडवायला निगाली व्हती ही. समदं पुसून टाकलं हिनं. इचारा कुनालाबी."

रजिस्ट्रारांनी आबांकडे पाहिलं. "तुमच्याच घरातल्या आहेत. तुमचं काय म्हणणं?"

आबा उठले. हातात नेहमीचा डिसमिस होता, तो त्यांनी समोरच्या टेबलावर ठेवला.  पोपटरावांना वाटलं आबा आपल्याच बाजूनं बोलणार, म्हणून ते मान डोलवू लागले.

"तिनं न्हाई पुसलं," आबा म्हणाले. "मी पुसलं."

कुणालाच कळलं नाही.

"ती खुर्चीवर व्हती. मी आलो म्हनून उटली. मी बसलो. ती म्हनली आदी पोरांची कामं काडून घिऊ. मी ऐकलं न्हाई. ह्या सरांनी दुरुस्ती आनून दिली व्हती, तीबी मी लावू दिली न्हाई. माझ्या हातची वस्तू, तिला दुरुस्ती कशाला, आसं." ते थांबले. "आन पोरं आली तवा मी म्हनलो, बाईमानूस हाय, चुकतं. हिच्याम्होरं म्हनलो. ही गप ऱ्हायली. सासरा म्हनून गप ऱ्हायली. लाज माझी व्हती, ती मी हिच्या पदरात टाकली."

पोपटराव टोपी काढून त्या टोपीकडेच बघत बसले.  रजिस्ट्रार अवघडून म्हणाले, "ठीक आहे आबा, जुनी गोष्ट आहे. बसा."

"जुनी न्हाई सायेब. रोज दोन वेळा ताटावर बसतो, दोन्ही वेळा ती म्होरं असती."

एवढं म्हणून ते बाहेर पडले. एम-एटी तिथेच राहिली, डिसमिसही टेबलावरच राहिला. मान वर करून कुणाकडे बघायचं हे आम्हा कुणालाच कळत नव्हतं. मी माझ्या बुटांकडे बघत होतो.

बैठक उठल्यावर वैशालीनं तो डिसमिस उचलला. मला वाटलं आता ती घरी जाऊन त्यांना देईल. तिनं माझ्या हातात दिला. "तुमी द्या सर त्यांना."

"तुला माहीत होतंच म्हणा," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"मला म्हाईत व्हतं, आन मला म्हाईत हाय ह्ये त्यांना म्हाईत व्हतं. रोज वाढत व्हते की मी त्यांना. वाटायचं, आज म्हनतील. चार भिंतीत म्हनले आसते तरी चाललं आसतं सर. मला येकटीला." आणि ती मेसकडे गेली. संध्याकाळच्या चपात्या राहिल्या होत्या.

मी डिसमिस नेऊन दिला तेव्हा आबा गोठ्यामागच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले होते. आतलं पोतं काढलेलं होतं. "ती काय म्हनली?" त्यांनी विचारलं.

"काही नाही."

"व्हय. काय म्हननार." त्यांनी डिसमिस घेतला आणि शेजारी ठेवून दिला.

गाळा वैशालीला मिळाला. पाटी नवी केली, नाव तेच. उद्घाटनाला आबा आले नाहीत. पोपटराव आले आणि सगळ्यात मोठा हार त्यांनी आणला. वैशालीनं पहिल्याच दिवशी दोन गोष्टी केल्या. मशीन विकतच्या सिस्टीमचं घेतलं, आणि प्रत्येक पोराच्या कामाची एक जादा प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवायची पद्धत घातली. कंटाळलेल्या पोरांना ती सांगायची, "थांबायचं आसलं तर थांबा, न्हाईतर चांदणी चौक हाय." पोरं थांबायची.

घरात मात्र त्या दोघांचं काही फारसं बदललं नाही. ती वाढायची, ते खाली बघून जेवायचे. एवढंच झालं की एकदा त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "अजून एक भाकर आसंल का?" आणि तिनं आणून वाढली. काकूंनी चमकून माझ्याकडे पाहिलं आणि मी घाईनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

पुढे मला दुसरीकडे नोकरी मिळाली. लवळं सोडायच्या आदल्या दिवशी मी काही कागद छापून घ्यायला वैशालीच्या गाळ्यावर गेलो. त्या सुमाराला आणखी एक नवी सिस्टीम बाजारात आली होती, तिनं मशीनवर ती नुकतीच घेतली होती, आणि नेहमीप्रमाणे महिना उलटायच्या आत दुरुस्ती आली होती. गाळ्यासमोर पोरांची रांग होती. रांगेच्या शेवटी आबा. चांगलेच वाकलेले, शर्टाच्या खिशात डिसमिस. मी म्हणालो, "आबा, तुम्ही रांगेत?"

"पोरांची कामं असत्यात," ते म्हणाले.

त्यांचा नंबर आला तेव्हा ते काउंटरच्या बाहेरच थांबले. "सूनबाई, नवी दुरुस्ती आलीय म्हनत्यात."

"आलीय आबा. आत या."

"हितं बरा हाय."

"आत या," ती पुन्हा म्हणाली.

ते चपला काढून आत गेले. वैशालीचे हात सवयीनं खुर्चीच्या हातांवर टेकले, ती अर्धवट उठलीही. आबांनी घाईनं हात पुढे केला. "बस. तू बस."

ती तशीच थांबली. रांगेतल्या पोरांना यातलं काही कळायचं कारण नव्हतं, ती मोबाइलमध्ये होती. मी कागद हातात धरून उभा होतो. क्षणभर वाटलं की ती उठणारच, इतक्या वर्षांचं पायातलं ते काय एका शब्दानं जाणार.

वैशाली बसली. पदर तिनं डोक्यावर घेतला नाही. खुर्ची पडद्याकडे वळवून आधी दुसऱ्या डिस्कवर प्रती काढल्या, मग दुरुस्तीची ती पाटी उघडली. "लावू का, आबा?" तिनं मागे न बघता विचारलं.

"तुजं मशीन हाय," आबा म्हणाले. "तू ठरीव."

तिनं बटण दाबलं. दुरुस्ती बसेपर्यंत आबा हात मागे बांधून तिच्या खुर्चीमागे उभे होते. एका पोरानं स्टूल पुढे केलं तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. वैशाली उठली नाही.